उंचीचे जनुक, बुद्धीचे जनुक: एका षष्ठीचा इतिहास

मराठीत षष्ठीचे दोन अर्थ आहेत आणि या लेखाला दोन्ही लागणार आहेत. एक व्याकरणातली षष्ठी, ‘चा-ची-चे’ लावून संबंध दाखवणारी. दुसरी बाळंतिणीच्या खोलीत पाट्यावर मांडून पुजली जाणारी षष्ठी, म्हणजे आपली सटवाई. कोरा कागद आणि लेखणी ठेवलेली असते; ती रात्री येते, बाळाच्या कपाळावर लिहून जाते, आणि तिचे अक्षर कोणाला लागत नाही. विसाव्या शतकाने या दोन षष्ठींची गाठ घालून दिली. ‘उंचीचे जनुक’, ‘मधुमेहाचे जनुक’, ‘बुद्धीचे जनुक’ असे आपण सहज बोलून जातो, तेव्हा त्या ‘चे’मधून सटवाईच बोलत असते. लेख आधीच लिहिलेला आहे, आता शास्त्रज्ञांना तो वाचता येऊ लागला, एवढाच काय तो फरक. आनुवंशिकीचा इतिहास बहुधा चढणीसारखा सांगितला जातो: पायथ्याशी मेंडेलचा वाटाणा, मध्यावर डीएनएचा पीळ, माथ्यावर मानवी जीनोम. तो खोटा नाही. पण त्यात एक गोष्ट निसटते. गेल्या दीडशे वर्षांत या शास्त्राने सर्वांत चिकाटीने काही केले असेल, तर हा ‘चे’ सैल केला. प्रयोगशाळेने तो सैल करायचा आणि बाहेरच्या जगाने, कधी कधी शास्त्रज्ञांनी स्वतःच, पुन्हा आवळून बांधायचा, असा हा खेळ चालत आला आहे.

सुरुवात अर्थातच ब्रनोच्या मठातल्या वाटाण्यांपासून. ग्रेगोर मेंडेलने ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी तिथल्या निसर्ग-अभ्यासक मंडळापुढे आपले निष्कर्ष वाचले. पुढच्या वर्षी ते छापून आले. गोल आणि सुरकुतलेल्या बियांच्या संकरातून दुसऱ्या पिढीत त्याला ७,३२४ बिया मिळाल्या, त्यांतल्या ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या. तिनास एक. हे प्रमाण शाळेतल्या प्रत्येक पुस्तकात असते. मेंडेलने आधी काय बाजूला ठेवले, हे मात्र तिथे नसते. ज्या लक्षणांत स्वच्छ दोन तट पडतात, अशीच सात लक्षणे त्याने निवडली. ज्यांत कमी-जास्तपणाची उतरंड होती, ती त्याने घेतली नाहीत. म्हणजे त्याने मोजले ते ‘गोलपणा’ नव्हे. एका रोपात आणि दुसऱ्या रोपात पडणारा फरक त्याने मोजला. त्याचे ‘घटक’ हे फरकाचे घटक होते. हा भेद शब्दच्छल वाटेल, पण तसा तो नाही, हे कळायला १९९० साल उजाडावे लागले. इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेत सुरकुतलेल्या वाटाण्याचे जनुक हाती लागले, आणि त्याचा आकाराशी थेट काहीच संबंध निघाला नाही. स्टार्चच्या रेणूला फांद्या फोडणारे एक एन्झाइम त्या जनुकावरून बनते. सुरकुतलेल्या जातीत त्या जनुकाच्या मध्येच सुमारे ८०० अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसला आहे. एन्झाइम बिघडते, स्टार्च कमी बनतो, साखर साचते, साखरेमुळे कोवळा दाणा जास्त पाणी ओढतो, आणि वाळताना तेवढाच जास्त आक्रसून त्याची साल चुरगळते. गोलपणा हा या साखळीच्या पार शेवटच्या कडीवर आहे. शिवाय तो घुसलेला तुकडा, बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात पाहिलेल्या आणि कितीतरी वर्षे सहकाऱ्यांना नीटसे न पटलेल्या, जागा बदलणाऱ्या जनुकांच्या भाऊबंदांपैकी निघाला.

यातून एक मोजपट्टी हाती येते. जनुकाला लावलेला ‘चे’ जवळच्या अंतरावर खरा असतो. ‘या एन्झाइमचे जनुक’ हे म्हणणे बिनचूक. ‘स्टार्चचे जनुक’ म्हटले की थोडे सैल झाले, ‘गोलपणाचे’ म्हटले की आणखी. मध्ये एकेक पायरी वाढते, तसा हवेचा, अन्नाचा, इतर जनुकांचा हात तिथे पोचतो. पुढचा सगळा इतिहास या अंतराचा आहे.

१९०० साली मेंडेलचा निबंध पुन्हा उजेडात आला आणि लगेच भांडण जुंपले. ऑक्सफर्डच्या वेल्डनने १९०२ मध्येच दाखवून दिले की बाजारातले वाटाणे काही फक्त पिवळे किंवा फक्त हिरवे नसतात. मधल्या सगळ्या छटा त्याने ओळीने मांडल्या. ‘तुमचे दोन तट तुम्ही निवडून काढलेले आहेत,’ असा त्याचा रोख होता. मेंडेलचा कैवार घेतलेल्या बेटसनने त्याच्यावर झोड उठवली. १९०६ मध्ये वेल्डन वारला आणि विजेत्यांनी लिहिलेल्या इतिहासात तो हटवादी ठरला. आज मागे वळून पाहता, तो मेंडेलच्या गणिताबद्दल चुकला होता आणि त्याच्या निवडीबद्दल बरोबर होता. डेन्मार्कच्या योहानसेनने १९०९ मध्ये ‘जीन’ हा शब्द घडवला तो मुद्दाम रिकामा ठेवून; त्यात कोणतेही गृहीतक भरू नये, अशी त्याची इच्छा होती. जीनोटाइप आणि फीनोटाइप, म्हणजे आतला ऐवज आणि बाहेरचे रूप, ही फोडही त्याचीच. आपण मराठीत ‘जनुक’ म्हणालो, ते ठीकच; त्यात फक्त ‘जन्’ धातू आहे. पण ‘क्रोमोसोम’चे काय केले पाहा. मूळ शब्दाचा अर्थ ‘रंगणारे अंग’, कारण सूक्ष्मदर्शकाखाली ते रंग धरते. आपण त्याला ‘गुणसूत्र’ म्हणालो, म्हणजे गुणांचे सूत्र. शब्द देखणा आहे. मात्र जे तत्त्वज्ञान मूळ शब्दात नव्हते, ते आपण भाषांतरातच कपाळी लिहून टाकले.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मॉर्गनच्या ‘माशीघरा’त १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक फळमाशीचा नर सापडला आणि जनुके गुणसूत्रांवर बसलेली असतात, हे सिद्ध व्हायला वाट मिळाली. १९१३ मध्ये स्टर्टेव्हंट या तरुण विद्यार्थ्याने सहा जनुकांचा पहिला नकाशा काढला. या माशीघराने एक चमत्कारिक रिवाज पाडला: जनुक बिघडल्यावर जे दिसते, त्यावरून जनुकाला नाव द्यायचे. त्यामुळे ज्या जनुकाशिवाय डोळा लाल होत नाही, त्याचे नाव ‘पांढरे’. या नावातच कबुली आहे. बिघाडाने पडणारा फरक त्यांना दिसत होता. धड जनुक काय करते, हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि लाल रंगाला कितीतरी जनुकांचा हातभार लागतो, हेही त्यांना लवकरच कळले. मॉर्गनने तर १९३४ च्या आपल्या नोबेल व्याख्यानात स्वच्छ सांगितले की जनुक खरोखरीची वस्तू आहे की नुसती कल्पना, यावर आनुवंशिकीवाल्यांचे एकमत नाही आणि प्रयोगांना त्याने काही फरकही पडत नाही. त्याआधी १९१८ मध्येच रोनाल्ड फिशरने गणिताने दाखवले होते की उंचीसारखे अखंड उतरंडीचे लक्षण पुष्कळ मेंडेली घटकांच्या बारीक बारीक परिणामांच्या बेरजेतून सहज निघते. वेल्डनच्या छटा आणि बेटसनचे तट एकाच हिशेबात बसले. ज्याला ‘उंचीचे जनुक’ हवे होते, त्याचा प्रश्न खरे तर तिथेच मिटायला हवा होता.

तो मिटला नाही. कारण त्याच काळात लाँग आयलंडवर चार्ल्स डॅव्हनपोर्ट घराण्यांच्या वंशावळी जमवत होता. त्याच्या कचेरीने दारिद्र्य, वेडसरपणा, गुन्हेगारी यांना मेंडेलच्या चौकटीत कोंबले. नौदलातल्या अधिकाऱ्यांची घराणी तपासून १९१९ च्या एका पुस्तकात त्याने समुद्राच्या ओढीलाही अप्रभावी घटकाचे स्थान दिले. कोळ्याचा मुलगा होडीत वाढतो, हे त्याच्या लेखी पुरेसे स्पष्टीकरण नव्हते. आज हसू येते. पण या शास्त्राच्या आधारावर अमेरिकेत साठ हजारांहून अधिक माणसांची सक्तीने नसबंदी झाली. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायदेशीर ठरवली, आणि जर्मनीत १९३३ च्या कायद्याखाली हा आकडा सुमारे चार लाखांवर गेला. हा सारा गैरवापर राजकारण्यांनी केला, शास्त्र मात्र निर्मळ होते, असे एक समर्थन नेहमी ऐकू येते. ते टिकत नाही. डॅव्हनपोर्ट अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा सदस्य होता आणि बर्लिनच्या मानववंश-संस्थेचा प्रमुख ऑयगेन फिशर हा नावाजलेला प्राध्यापक. आवळलेली गाठ शास्त्राच्या घरातली होती. मात्र ती सोडवणारे हातही पुष्कळदा त्याच घरातले होते, आणि इथे मराठी माणसांचा संबंध येतो.

ना. सी. फडके यांना आपण कादंबरीकार म्हणून ओळखतो. १९२७ मध्ये त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक लिहिले, भारतात सुप्रजननाची चळवळ व्हावी अशी मागणी करणारे; त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. संततिनियमनाचा पुरोगामी विचार आणि ‘चांगली प्रजा’ निवडण्याची भाषा त्या पिढीत अशी एकाच ताटात वाढलेली असे. त्याच दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला याच ऑयगेन फिशरकडे डॉक्टरेट करत होत्या. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतली विषमता वंशाशी बांधलेली आहे, युरोपीयांत ती वेगळी दिसते, हे सिद्ध होण्याची त्यांच्या गुरूची अपेक्षा होती. कर्व्यांनी कवट्या मोजल्या आणि तसे दिसत नाही, असे लिहून दिले. पुढे भारतात त्यांनीही जातीजमातींची शरीरमापने घेण्यात वर्षे घालवली, त्यामुळे त्यांना सरळसोट बंडखोर ठरवण्यात अर्थ नाही. पण बर्लिनमध्ये, त्या काळी, एका परदेशी विद्यार्थिनीने मोजपट्टी सांगेल तेच लिहावे, ही लहान गोष्ट नव्हे.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये केलेली मांडणी मला याहूनही नेमकी वाटते. जातिव्यवस्था ही रक्तशुद्धीची, म्हणून सुप्रजननाची योजना आहे, असा बचाव तेव्हा केला जात असे. आंबेडकरांनी त्याला उत्तर देताना चक्क बेटसनचा, मेंडेलच्या कट्टर पुरस्कर्त्याचा, दाखला दिला: वरच्या दर्जाचे मानसिक गुण एकाच घटकाने वारशात येतात असे मानायला आधार नाही, ते अनेक घटकांच्या योगायोगाने जुळून येतात. म्हणजे ‘बुद्धीचे जनुक’ या कल्पनेवर आंबेडकरांनी जनुकशास्त्राच्या बाहेरून नैतिक हल्ला चढवला नाही, शास्त्राच्या आतलेच उत्तम मत त्यांनी तिच्यासमोर ठेवले.

जनुकाचा हा ‘चे’ नाकारायचा म्हणजे जनुकच नाकारायचे, अशी दुसऱ्या टोकाची चूकही झाली. सोव्हिएत रशियात शेतीतज्ज्ञ लिसेंकोने ती केली. परिस्थिती बदलली की पिकाचा वारसा बदलतो, असे त्याचे म्हणणे स्टालिनला रुचले. १९४८ मध्ये मेंडेली आनुवंशिकीवर अधिकृत बंदी आली. त्याआधीच, १९४३ मध्ये, जगभरची बियाणी गोळा करणारा वाव्हिलोव सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने मेला होता. या शोकांतिकेमुळे पुढे कित्येक दशके ‘जनुक सर्वस्व नाही’ असे म्हणणाऱ्यावर लिसेंकोचा शिक्का मारणे सोपे झाले. पण अंतर मोजणे वेगळे आणि रस्ताच नाही म्हणणे वेगळे.

जनुकाला हाडामांसाचा देह मिळाला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि गंमत अशी की देह मिळताच त्याची मालकी आणखी पातळ झाली. १९४१ मध्ये बीडल आणि टेटम यांनी बुरशीवरच्या प्रयोगांतून एक जनुक, एक एन्झाइम हे सूत्र दिले. षष्ठीच्या इतिहासातले हे सर्वांत प्रामाणिक वाक्य, कारण ते अगदी जवळच्या अंतरावर थांबते. १९४४ मध्ये एव्हरीने वारसा डीएनएत असल्याचे दाखवले, १९५३ मध्ये दुहेरी पीळ उलगडला, १९६० च्या दशकात निरेनबर्ग आणि हरगोविंद खोराना यांनी अक्षरांची सांकेतिक भाषा सोडवली. हे सर्वश्रुत आहे. त्या मानाने १९५२ मधला मुंबईचा शोध आपल्याकडेही कमी सांगितला जातो. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना परळच्या के.ई.एम. रुग्णालयात अशी काही माणसे आढळली, ज्यांचे रक्त चाचणीत ‘ओ’सारखे वागे, पण ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नसे. कारण लाल पेशीवर ए किंवा बी ही खूण चढवायला आधी ‘एच’ नावाचा पाया लागतो, आणि तो घालणारे दुसऱ्याच गुणसूत्रावरचे जनुक या माणसांत दोन्ही बाजूंनी निकामी असते. त्यांतल्या काहींत ए गटाचे जनुक शाबूत असते, मुलांना ते मिळते, मुलांत ए गट उमटतोही. खुद्द त्या माणसात मात्र तो दिसत नाही. ‘ए गटाचे जनुक’ आहे आणि ए गट नाही. ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने तो जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. त्यानंतर १९६१ मध्ये जाकोब आणि मोनो यांनी जनुकांची उघडझाप करणारी कळ दाखवली. १९७७ मध्ये कळले की प्राण्यांची जनुके सलग नसतात, तुकड्यातुकड्यांत असतात आणि ते तुकडे निरनिराळ्या तऱ्हांनी जोडून एकाच जनुकातून अनेक प्रथिने बनतात. बीडल-टेटमचे ‘एकास एक’ही मग पुरते उरले नाही.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. काही आजार तर निखालस एका जनुकाचे असतात ना? असतात. हंटिंग्टन रोगाचे जनुक १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे कळले आणि १९९३ मध्ये हाती आले. त्यातली तीन अक्षरांची एक पुनरावृत्ती चाळीस किंवा त्याहून अधिक वेळा असली, तर पुरेसे आयुष्य लाभल्यास तो रोग होतोच. इथे सटवाईचाच लेख आहे, हे मान्य केले पाहिजे. तो नेमका कोणत्या वयात उघडेल, यावर डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या इतर जनुकांचा प्रभाव असतो, एवढीच काय ती फट. पण असा आजार अपवाद आहे. तो आपण नियमाचा नमुना म्हणून वापरतो, ही चूक.

नियमाच्या अधिक जवळचे उदाहरण नंदुरबार आणि गडचिरोलीच्या दवाखान्यांत रोज दिसते. सिकलसेलचा दोष हिमोग्लोबिनच्या एका साखळीतल्या सहाव्या जागी आहे: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. १९४९ मध्ये पॉलिंगने याला रेणूचा आजार म्हटले, १९५० च्या दशकात इंग्रॅमने तो नेमका बदल शोधला, आणि १९५४ मध्ये अ‍ॅलिसनने दाखवले की एकच दोषी प्रत असणाऱ्याला तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळते. म्हणजे ज्याला आपण ‘आजाराचे जनुक’ म्हणतो, तेच जंगलपट्ट्यात हजारो वर्षे ‘बचावाचे’ होते. दोन दोषी प्रती असलेले दोन रुग्णही सारखे नसतात. गर्भातले हिमोग्लोबिन जन्मानंतर ज्यांच्यात जास्त टिकून राहते, त्यांचा आजार सौम्य असतो. सौदी अरेबियाच्या पूर्व भागात आणि ओडिशात असे रुग्ण पुष्कळ आढळले. त्याच वळणाचे जनुक असलेल्या विदर्भातल्या कित्येक रुग्णांना मात्र तीव्र त्रास होतो. मग उपचार कुठे सापडला? २०२३ च्या अखेरीस ब्रिटनने आणि अमेरिकेने मान्यता दिलेली कॅसजेवी ही क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रावर आधारलेली पहिली उपचारपद्धती त्या सहाव्या जागेला हातही लावत नाही. ती बीसीएल११ए नावाच्या वेगळ्याच जनुकाची एक कळ तोडते. हे जनुक जन्मानंतर गर्भातले हिमोग्लोबिन बंद करायला लावते. कळ तुटली की ते पुन्हा सुरू होते. सिकलसेलवरचा जनुकीय इलाज सिकलसेलच्या जनुकात सापडला नाही. शिवाय या कळीचा माग काढला तो २००७-०८ मध्ये, ‘हजारो जनुकांचा बारीकसारीक परिणाम मोजून काय मिळणार’ अशी ज्यांची थट्टा होई, त्या संपूर्ण जीनोम चाळणाऱ्या अभ्यासांनी. अमेरिकेत या उपचाराची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. भामरागडपर्यंत तो पोचण्याचे अंतर हे वेगळेच अंतर.

दुसरा आक्षेप शेतातून येतो. एका जीवाणूचे जनुक कपाशीत घातले, बोंडअळी मेली. यात ‘सैल’ काय आहे? काहीच नाही, आणि तेच माझे म्हणणे आहे. अळीच्या आतड्याला मारक असे प्रथिन त्या जनुकावरून बनते, हे अगदी जवळचे अंतर. मार्च २००२ मध्ये परवानगी मिळालेले बीटी बियाणे त्या अंतरावर चोख चालले. घोळ झाला तो ‘अळीचे जनुक’ हे ‘उत्पन्नाचे जनुक’ म्हणून विकले आणि विकत घेतले गेले तेव्हा. उत्पन्न पावसावर, जमिनीवर, संकरित वाणाच्या लांबलेल्या हंगामावर आणि अळीच्या स्वतःच्या जनुकांवर ठरते. दीर्घ मुदतीचे वाण, त्यावर फरदड, आश्रयाच्या बिगरबीटी ओळी कोणी न लावणे, यांतून गुलाबी बोंडअळी या प्रथिनाला सरावली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी बोंडे फोडून ती पाहिली. जनुक आपले काम करतच होते.

आता जीनोमकडे येऊ. १९९० मध्ये सुरू होऊन २००३ मध्ये पूर्ण जाहीर झालेल्या प्रकल्पाने सुमारे तीन अब्ज अक्षरे वाचली. त्याआधी माणसात लाखभर जनुके असावीत, असा अंदाज चालत असे. निघाली वीस हजारांच्या आसपास, जवळपास एका मिलिमीटरभर सूत्रकृमीइतकी. प्रथिने लिहिणारा भाग जेमतेम दीड-दोन टक्के. शेवटचे राहिलेले आठेक टक्के तर २०२२ मध्ये भरून निघाले. जून २००० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी हे ईश्वराच्या भाषेचे वाचन असल्याच्या थाटात घोषणा केली होती. प्रत्यक्षात हाती आली ती बाराखडी आणि शब्दांची यादी. त्या यादीतून ‘उंचीचे जनुक’ शोधण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला: ५४ लाख माणसे, उंचीशी जोडलेल्या १२,१११ जागा. युरोपीय वंशाच्या लोकांत त्या मिळून उंचीतल्या फरकाचा सुमारे ४० टक्के भाग सांगतात, इतर लोकांत त्याहून बराच कमी. रोनाल्ड फिशरने १९१८ मध्ये कागदावर मांडलेला हिशेब शंभर वर्षांनी जसाच्या तसा खरा ठरला. जे लक्षण बारा हजार ठिकाणी विखुरले आहे, त्याला षष्ठी लावायची तरी कशाला?

यावर संख्याशास्त्र जाणणारा वाचक विचारेल की जुळ्यांच्या अभ्यासांतून उंचीची आनुवंशिकता ऐंशी टक्क्यांच्या घरात येते. जागा हजारो असोत, लेख तर जनुकांचाच झाला. हा आक्षेप ‘आनुवंशिकता’ या शब्दाने केलेल्या फसवणुकीवर उभा आहे. तो आकडा एका माणसाच्या उंचीतला जनुकांचा वाटा सांगत नाही. एका समाजात, एका काळी, माणसामाणसांतल्या फरकातला वाटा सांगतो. माणसाच्या हाताला पाच बोटे असणे पूर्णपणे जनुकांवर ठरते, पण बोटांच्या संख्येची आनुवंशिकता जवळपास शून्य भरेल, कारण ज्यांची बोटे कमी असतात ती बहुधा यंत्रात गेलेली असतात. उलट, सर्वांना पोटभर दूध-डाळ मिळाली की उंचीची आनुवंशिकता वाढते, कारण उपासमारीने पडणारा फरक नाहीसा होतो. मेंडेलच्या वाटाण्यापाशी आपण होतो, तिथेच पुन्हा आलो: फरक मोजला, गुण नाही. शिक्षणाच्या वर्षांवर तीस लाख माणसांचा असाच अभ्यास २०२२ मध्ये झाला. त्यातून काढलेला जनुकीय गुणांक लोकसंख्येतल्या फरकाचा बारा ते सोळा टक्के भाग सांगतो, पण एकाच घरातल्या भावंडांची तुलना केली की त्यातला मोठा हिस्सा गळून पडतो. म्हणजे जनुकांच्या नावाने मोजले ते काही अंशी आईवडिलांचे घर होते. तरीही परदेशांत या गुणांकांवरून गर्भ निवडून देण्याचा धंदा सुरू झाला आहे. डॅव्हनपोर्टच्या कचेरीत निदान वंशावळी हाताने लिहिल्या जात.

या गुणांकांची दुसरी अडचण आपल्याला अधिक लागू आहे. जगभरच्या अशा अभ्यासांतली बहुसंख्य माणसे युरोपीय वंशाची आहेत, म्हणून ते गुणांक आपल्याकडे नीट चालत नाहीत. भारताचे १०,००० जीनोम वाचण्याचा ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प या पोकळीसाठी उभा राहिला आणि त्याची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. पण आपल्या जीनोममध्ये जो सर्वांत ठळक लेख आहे, तो त्याआधीच वाचला गेला होता. हैदराबादचे लालजी सिंग, के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांच्या गटांनी २००९ आणि २०१३ मध्ये दाखवले की या देशातले जवळपास सगळे समूह सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मनसोक्त मिसळले, आणि मग ही मिसळण थांबली. त्यानंतर समूहाच्या आतच लग्ने होत राहिल्याच्या खुणा जागोजागी सापडतात. काही दुर्मीळ अप्रभावी आजार विशिष्ट जातींत एकवटलेले दिसतात ते त्यामुळे. मे १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेल्या निबंधात आंबेडकरांनी म्हटले होते की जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे आणि तो आधी मिसळलेल्या समाजावर नंतर लादला गेला. जीनोमने त्याला पुस्ती जोडली आहे. या पुस्तीचा उलटा अर्थ लावणारेही निघालेच: ‘बघा, जाती जनुकांतच आहेत.’ इथे षष्ठीची दिशा पाहावी. जातीचे जनुक सापडलेले नाही. जनुकांवर जातीचा वळ सापडला आहे.

आणि आता तीच षष्ठी वेगळा प्रश्न विचारू लागली आहे. अमेरिकेतल्या हवासुपाय जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिले. रक्त घेणाऱ्या विद्यापीठात ते स्किझोफ्रेनिया आणि स्थलांतराच्या संशोधनासाठीही वापरले गेले. २०१० मध्ये नुकसानभरपाई मिळाली आणि उरलेले नमुने जमातीने परत नेले. आपल्याकडे १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे. सात कोटी लोकांची, त्यातही मुख्यतः आदिवासी पट्ट्यातल्या लोकांची, तपासणी करण्याच्या उद्दिष्टाने ती सुरू झाली. ‘वाहक’, म्हणजे एकच दोषी प्रत असलेला माणूस, हा रुग्ण नव्हे, हे तपासणीच्या कार्डावर छापता येते. पण लग्न ठरवायला बसलेल्या घरात ते कार्ड कसे वाचले जाईल, ते छपाईवर ठरत नाही. धडगाव किंवा एटापल्लीच्या आश्रमशाळेत मुलीच्या बोटाला टोचून घेतलेला तो थेंब, त्याचा निकाल आणि पुढे कधी त्यातून वाचली जाणारी अक्षरे, ही कशाची, हे आता बऱ्यापैकी कळते. ती कोणाची, हे अजून ठरलेले नाही.